फौजदारी शिक्षेविरुद्ध अपील : कोठे, कधी आणि कसे

फौजदारी खटल्यात न्यायाधीशांनी आरोपीला दोषी ठरवून शिक्षा सुनावली की प्रकरण कायमचे मिटले, अशी आपल्या समाजात अनेकांची समजूत असते. कायद्याची दृष्टी तशी नाही. पुरावा पारखताना, कायद्याचा अर्थ लावताना आणि शिक्षेचे मोजमाप करताना न्यायाधीशाकडूनही चूक होऊ शकते, हे गृहीत धरूनच वरच्या न्यायालयाची पायरी बांधलेली आहे. खालच्या न्यायालयाचा निकाल तपासून पाहावा, अशी वरच्या न्यायालयास केलेली रीतसर विनंती म्हणजे अपील. दोषी ठरलेल्या व्यक्तीचा अपिलाचा हक्क ही केवळ कायद्याने दिलेली सवलत नसून घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काशी तो जोडलेला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली म्हटले आहे.

हा हक्क न्यायालयात सहसा हिरावला जात नाही. तो हरवतो घरात, निकालानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. ज्या कुटुंबातील मुलगा, पती किंवा भाऊ दोषी ठरतो, त्या कुटुंबाचे ते दिवस रडण्यात, एकमेकांना दोष देण्यात आणि लोकांना तोंड कसे दाखवावे या विवंचनेत जातात. शेजारी-पाजारी विचारायचे टाळतात, नातेवाईक येणे कमी करतात. मुदत मात्र कोणाच्या दुःखासाठी थांबत नाही. म्हणून या विषयाची निदान तोंडओळख आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक जाणत्या माणसास असावी, असे वाटते. प्रसंग आपल्यावर न आला तरी तो ज्याच्यावर आला आहे असा कोणी ना कोणी आपल्या ओळखीत निघतो.

न मिळालेली प्रत

अपिलाचा हक्क कागदावर असणे आणि हातात असणे यांतील अंतर किती असू शकते, हे आपल्याच राज्यातील एका जुन्या खटल्याने दाखवून दिले. ‘हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने तो विधी अभ्यासकांना परिचित आहे. सौराष्ट्र विद्यापीठातील एका प्रपाठकावर बनावट विद्यापीठीय पदव्या देण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप होता. सत्र न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, पण शिक्षा दिली ती न्यायालय उठेपर्यंतच्या साध्या कैदेची. या निकालावर दोन अपिले झाली. आरोपीने दोषसिद्धीविरुद्ध दाद मागितली, तर शिक्षा फारच अपुरी आहे म्हणून राज्य सरकार उच्च न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९७३ मध्ये पहिले अपील फेटाळले, दुसरे मान्य केले आणि शिक्षा ३ वर्षांवर नेली.

यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावण्यास आरोपीला चार वर्षांहून अधिक काळ लागला; म्हणजे शिक्षेच्या मुदतीपेक्षाही अधिक. त्याचे म्हणणे असे, की उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रतच आपल्या हाती आली नाही. प्रत येरवडा कारागृहाच्या अधीक्षकांकडे पाठवली गेली होती, परंतु ती बंद्यास मिळाल्याची त्याच्या सहीची पोच दप्तरात नव्हती.

न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी १७ ऑगस्ट १९७८ रोजी दिलेल्या निकालात आरोपीची याचिका गुणवत्तेवर फेटाळली. मात्र त्या निमित्ताने त्यांनी घालून दिलेला दंडक आजवर टिकून आहे. कैदेची शिक्षा झालेल्या व्यक्तीस निकालाची प्रत विनामूल्य आणि वेळेत मिळाली पाहिजे; ती कारागृहात पाठवली असल्यास अधिकाऱ्यांनी बंद्याच्या हाती देऊन त्याची लेखी पोच घेतली पाहिजे; अपील करण्यासाठी त्याला कारागृहात सर्व सोयी मिळाल्या पाहिजेत; आणि वकील देण्याची ऐपत नसेल, तर तो शासनाच्या खर्चाने दिला गेला पाहिजे. स्वतः अपयशी ठरलेल्या एका अर्जदाराच्या याचिकेतून नंतरच्या हजारो बंद्यांना हे संरक्षण लाभले. न्यायाच्या इतिहासात असे योग अधूनमधून येतात.

आज कैदेची शिक्षा सुनावताच निकालपत्राची प्रत विनामूल्य देण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ मध्ये आहे. ती मागून घ्यावी. वकिलाने घेतली असेल, तर तिची छायाप्रत कुटुंबाने आपल्याजवळ ठेवावी.

कोणत्या न्यायालयात जावे

ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि तिने १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा घेतली. अपिलांचे प्रकरण नव्या संहितेत कलम ४१३ ते ४३५ मध्ये आहे. जुन्या संहितेत ते ३७२ ते ३९४ मध्ये होते. नवीन कायदा येण्यापूर्वीच दाखल झालेली आणि प्रलंबित असलेली अपिले जुन्या संहितेनुसारच चालतात. त्यामुळे वकिलांच्या बोलण्यात अजूनही ‘तीनशे चौऱ्याहत्तर’ आणि ‘तीनशे एकोणनव्वद’ हे आकडे ऐकू येतील. नव्या संहितेत त्यांची जागा अनुक्रमे ४१५ आणि ४३० या कलमांनी घेतली आहे. मजकुरात फार मोठा बदल नाही.

नियम साधा आहे. वसईच्या किंवा अन्य कोणत्याही ठिकाणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी दोषी ठरवले असेल, तर अपील सत्र न्यायालयात होते. सत्र न्यायाधीशांनी किंवा अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी दोषी ठरवले असेल, तर ते उच्च न्यायालयात होते. कोणत्याही न्यायालयाने ७ वर्षांहून अधिक कैद दिली असल्यासही उच्च न्यायालयातच जावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ मुंबईत असून नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा येथे त्याची खंडपीठे आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे फिरते खंडपीठ सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची फेरी त्यामुळे वाचली आहे.

उच्च न्यायालयानंतर सर्वोच्च न्यायालय. परंतु तेथे बहुतेक प्रकरणांत अपील हक्काने होत नाही. घटनेच्या अनुच्छेद १३६ खाली विशेष परवानगी मागावी लागते आणि ती देणे न देणे न्यायालयाच्या मर्जीवर असते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. खालच्या न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या व्यक्तीला उच्च न्यायालयाने अपिलात दोषी ठरवून फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षे वा अधिक कैद दिली असेल, तर तिला सर्वोच्च न्यायालयात हक्काने अपील करता येते.

काही निकालांवर अपील होतच नाही. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी केवळ १०० रुपयांपर्यंतचा दंड केला असेल, तर ते प्रकरण तिथेच संपते. त्याहून सावध राहावे असे दुसरे उदाहरण म्हणजे गुन्ह्याची कबुली. आरोपीने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीवर त्याला शिक्षा झाली, तर पुढे अपिलात ‘मी दोषी नाही’ असे म्हणता येत नाही. शिक्षा किती असावी आणि ती कायदेशीर आहे की नाही, एवढ्यापुरतेच अपील उरते. ‘कबूल करून टाक, दंड भरू आणि मोकळे होऊ’ हा सल्ला देणाऱ्यांनी ही बाब सहसा सांगितलेली नसते. नोकरी किंवा परदेशगमनाच्या वेळी ती आठवते.

मुदत

सत्र न्यायालयातील अपिलास ३० दिवस आणि उच्च न्यायालयातील अपिलास ६० दिवस अशी मुदत १९६३ च्या मुदत कायद्याने ठरवली आहे. फाशीच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्यास ३० दिवसच मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष परवानगीसाठी, फाशीखेरीज इतर शिक्षांत, ९० दिवस आहेत. निकालाचा दिवस मोजला जात नाही. प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केल्यापासून ती तयार होईपर्यंतचे दिवसही वगळले जातात. म्हणून अर्ज शक्यतो निकालाच्याच दिवशी करावा. अर्ज करण्यास जे दिवस आपण घालवतो, ते मुदतीतून जातात.

मुदत टळली तरी सर्व काही संपले असे नाही. याच कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. उशीर का झाला, याचे पुरेसे कारण द्यावे लागते आणि आजारपण असेल तर त्याचे कागद जोडावे लागतात. आरोपी तुरुंगात असल्यास न्यायालये असे अर्ज बहुधा सहानुभूतीने पाहतात. तरीही सहानुभूतीवर विसंबून मुदत चुकवू नये.

तुरुंगातून अपील

वकील नाही, पैसे नाहीत, घरचे कोणी येत नाही, अशा बंद्याचाही अपिलाचा मार्ग बंद होत नाही. संहितेच्या कलम ४२४ नुसार तो आपले अपील कारागृहाच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे देऊ शकतो आणि ते योग्य त्या न्यायालयाकडे पाठवणे अधिकाऱ्यावर बंधनकारक असते. नेहमीच्या अपिलाची मुदत संपण्यापूर्वी असे अपील सरसकट फेटाळता येत नाही.

वकिलाचे काय? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत वा तुरुंगात असलेल्या व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांनाही तशी अट नाही. तालुक्याला विधी सेवा समिती, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तर उच्च व सर्वोच्च न्यायालयांच्या स्वतंत्र समित्या आहेत. १५१०० या क्रमांकावर विनाशुल्क दूरध्वनी करून चौकशी करता येते. मोफत वकील म्हणजे हलका वकील, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो सर्वस्वी खरा नाही. दागिने विकून दिलेला वकीलही निकालपत्र न वाचता उभा राहिलेला न्यायालयांनी पाहिला आहे. ज्याने साक्षीपुरावे वाचले आहेत तो वकील चांगला, मग त्याची फी कोणीही भरो.

खासगी वकील द्यायचा असेल, तर वकीलपत्रावर बंद्याची सही कारागृह अधीक्षकांमार्फत घेतली जाते. यात काही दिवस जातात, हे ध्यानात ठेवावे. आणि ‘वरती ओळख आहे, काम करून देतो’ असे म्हणणारा कोणी या दिवसांत दारात आलाच, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. अशा दलालांना नेमका याच आठवड्यांचा वास लागतो.

अपील चालू असताना सुटका

अपील दाखल झाले म्हणून शिक्षा आपोआप थांबत नाही. त्यासाठी कलम ४३० खाली शिक्षेला स्थगिती आणि जामीन असा वेगळा अर्ज करावा लागतो. शिक्षा ३ वर्षांपेक्षा जास्त नसेल आणि आरोपी खटल्यात जामिनावर असेल, तर शिक्षा देणारे न्यायालयच त्याला अपील करण्यापुरता जामीन देते. नाकारायचा झाल्यास तशी विशेष कारणे असावी लागतात. हा अर्ज निकालाच्या दिवशीच द्यायचा असतो. तो तयार नसल्यामुळे माणसाला त्या रात्री विनाकारण तुरुंगात जावे लागते.

मोठ्या शिक्षांत वाट अवघड आहे. १० वर्षे वा अधिक कैद, जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा असेल, तर जामीन देण्यापूर्वी सरकारी वकिलास लेखी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. दोषी ठरल्यावर निर्दोषत्वाचे गृहीतकही मागे पडलेले असते. तथापि १९७७ साली न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी एका खून खटल्यात विचारलेला प्रश्न वकील आजही न्यायालयापुढे ठेवतात. अपील पाच-सहा वर्षे ऐकणे न्यायालयास शक्य नसेल, तर तोवर माणसाला तुरुंगात ठेवण्याचा आधार काय? पुढे तो निर्दोष ठरला, तर गेलेली वर्षे कोण परत देणार?

धनादेश न वटल्याच्या प्रकरणांत आणखी एक अट आहे. २०१८ च्या दुरुस्तीनुसार अपील न्यायालय आरोपीस दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरण्यास सांगू शकते. लहान व्यावसायिकांनी हे आधीच हिशेबात धरावे.

शिक्षेला स्थगिती मिळाली तरी दोषसिद्धी कायम राहते, हा भेद नोकरदारांनी विशेष लक्षात घ्यावा. दोषसिद्धीलाच स्थगिती हवी असेल, तर ती स्वतंत्रपणे मागावी लागते आणि ती क्वचित मिळते. राहुल गांधी यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. सुरतच्या न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये त्यांना २ वर्षांची शिक्षा दिली. ती लगेच स्थगित झाली, पण लोकसभेचे सदस्यत्व गेले ते गेलेच. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०२३ रोजी दोषसिद्धीला स्थगिती दिल्यानंतरच ते परत मिळाले.

अपील केल्याने शिक्षा वाढेल काय?

ही भीती खूप जणांना असते. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये संत पौल फेस्तससमोर कैसराकडे दाद मागतो आणि पुढे अग्रिप्पा राजा म्हणतो, की याने कैसराकडे दाद मागितली नसती तर याला सोडता आले असते. पौलाला तेव्हा शिक्षा झालेली नव्हती, त्यामुळे तुलना पुरती जुळत नाही. पण अपील उलटेल ही शंका किती जुनी आहे, ते यावरून दिसते.

आपल्या कायद्यात आरोपीच्या स्वतःच्या अपिलावर न्यायालय शिक्षा कमी करू शकते, तिचे स्वरूप बदलू शकते, पण वाढवू शकत नाही. अशा अपिलात उच्च न्यायालयाने स्वतःहून पुनरीक्षणाचा अधिकार वापरूनही शिक्षा वाढवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली स्पष्ट केले. शिक्षा वाढण्याचा खरा धोका राज्य सरकारने स्वतंत्र अपील केल्यास असतो. हॉस्कॉट प्रकरणात तेच घडले. तशा वेळीही आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते आणि त्याच अपिलात तो स्वतःच्या निर्दोष मुक्ततेचीही मागणी करू शकतो.

सुनावणी आणि निकाल

अपील म्हणजे खटला पुन्हा पहिल्यापासून चालवणे नव्हे. खालच्या न्यायालयाचे दप्तर मागवले जाते आणि दोन्ही बाजू त्यातील साक्षीपुराव्यांवर युक्तिवाद करतात. नवीन पुरावा अपवादानेच घेतला जातो. न्यायालय मात्र वस्तुस्थिती आणि कायदा या दोहोंचा नव्याने विचार करू शकते. वकील गैरहजर राहिला म्हणून अपील फेटाळून टाकता येत नाही. दप्तर पाहून गुणवत्तेवरच निर्णय द्यावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ठरवून दिले आहे. निर्दोष सुटका, फेरखटला, कमी गंभीर गुन्ह्याखाली दोषसिद्धी, शिक्षेत कपात किंवा मूळ निकाल कायम, यांपैकी काहीही होऊ शकते. योग्य प्रकरणात १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा अधिकारही अपील न्यायालयास आहे. पहिलटकर तरुणांच्या बाबतीत त्याची आठवण न्यायालयास करून द्यावी.

फाशीच्या शिक्षेचे वेगळे आहे. आरोपीने अपील केले नाही तरी उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी ती कायम केल्याखेरीज तिची अंमलबजावणी होत नाही. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत झालेले बॉम्बस्फोट वसई-विरारचा कोणताही प्रवासी विसरलेला नाही. १८० हून अधिक माणसे त्यात गेली. विशेष न्यायालयाने ३० सप्टेंबर २०१५ रोजी ५ जणांना फाशी आणि ७ जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, परंतु सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही. आपली माणसे गमावलेल्या कुटुंबांना हा निकाल किती जड गेला असेल, याची कल्पना करवत नाही. पण दहा वर्षे फाशीच्या कोठडीत काढलेल्या माणसाच्या बाजूनेही ते दप्तर एकदा नीट वाचले जाणे आवश्यक होते. अपिलाची ही पायरी दोन्ही बाजूंच्या दुःखाला ओलांडून जाते, आणि म्हणूनच ती सोपी नसते.

पीडिताचा हक्क

अपील केवळ आरोपीसाठी नाही. ३१ डिसेंबर २००९ पासून गुन्ह्याच्या पीडितासही अपिलाचा हक्क मिळाला. आरोपी निर्दोष सुटला, त्याला कमी गंभीर गुन्ह्याखाली दोषी ठरवले गेले, किंवा भरपाई अपुरी दिली गेली, तर पीडित स्वतः अपील करू शकतो. सरकारच्या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. केवळ शिक्षा कमी वाटते म्हणून मात्र त्याला अपील करता येत नाही. तो अधिकार राज्याकडे आहे आणि त्यासाठी सरकारी वकिलांकडे लेखी विनंती करावी लागते. निर्दोष मुक्ततेविरुद्धच्या अपिलात पुराव्यावरून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील, तर सुटका सहसा बदलली जात नाही, हेही पीडिताच्या कुटुंबाने जाणून असावे.

अपील प्रलंबित असताना अपीलकर्ता मरण पावला तर?

केवळ दंडाच्या शिक्षेविरुद्धचे अपील चालू राहते. इतर शिक्षांत अपील सामान्यतः संपुष्टात येते. परंतु शिक्षा फाशीची किंवा कैदेची असेल, तर आई-वडील, पती किंवा पत्नी, मुले, भाऊ, बहीण यांपैकी कोणीही मृत्यूनंतर ३० दिवसांच्या आत ते पुढे चालवण्याची परवानगी मागू शकतो. गेलेल्या माणसाला तुरुंगातून सोडवायचे नसते. त्याच्या नावावरचा डाग पुसायचा असतो. वर सांगितलेल्या बॉम्बस्फोट खटल्यातील बारांपैकी एक जण २०२१ साली तुरुंगात असतानाच मरण पावला. त्यानंतर चार वर्षांनी आलेल्या निकालात निर्दोष ठरलेल्यांमध्ये त्याचेही नाव होते.